हात कोरे करून मिळतील

केस कापण्याच्या पहिल्या चाचणीत मी पुतळ्याच्या केसांचा झुपका डाव्या मुठीत धरला, कमरेत वाकले, झुपका बुडख्याशी छाटला, शेंडा उडवला आणि राहिलेला भाग न बघता मागं फेकला. तो मैथिली मॅडमच्या चहात पडला.

मॅडम रागावल्या नाहीत. पुण्याहून आलेली माणसं पहिल्या महिन्यात रागावत नाहीत. त्यांनी केस चमच्यानं बाहेर काढले आणि शेजारच्या खुर्चीकडं बघितलं. तिथं सुशीलानं तेच केलं होतं. पलीकडं कांतानं तर सगळ्यांचे पडलेले केस गोळा करून त्यांची मोळी बांधायला घेतली होती.

“तुम्ही हे ठरवून करताय का?” मॅडमनी विचारलं.

“नाही मॅडम,” मी म्हणाले. “हात करतायत. आम्ही नुसत्या सोबत आलोय.”

माझं नाव द्वारका. धारूरच्या घाटावर आमची आवळवाडी. दिवाळी झाली की गावाला कुलूप लागतं. मागं राहतात म्हातारी माणसं, कुत्री आणि निवडणुकीचे बोर्ड. बाकी सगळे ऊस तोडायला सांगलीकडं उतरतात. ऊस तोडायची यंत्रं केव्हाच आलीत, पण ती मोठ्या, सपाट, कोरड्या फडात चालतात. तुकड्यातुकड्यांचा, चिखलातला, आडवा पडलेला ऊस अजून आमच्याकडंच आहे. यंत्र चिखलात रुतलं की ते काढायला क्रेन बोलवावी लागते. माणूस रुतला तर तो आपला आपण निघतो.

तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावर वाहायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी घेत नाही. म्हणून आमच्याकडं लग्नं लवकर होतात. पत्रिका बघतात, पण ती नंतर. आमचे वडील, नाना, तापानं गेले तेव्हा माय अर्धी झाली. दुसरा अर्धा भाग मी झाले. मी तेव्हा नववीत होते. अपूर्णांक शाळेत नीट समजले नव्हते, ते असे समजले.

दर उन्हाळ्यात आम्हाला कोणीतरी घडवायला येतं. एका वर्षी शेळीपालन शिकवलं. शेळी फळ्यावर होती. एका वर्षी अळिंबी. अळिंबीला रोज पाणी मारावं लागतं हे समारोपाच्या भाषणात कळलं, तेव्हा गावाला टँकर आठवड्यातून एकदा यायचा. टी-शर्ट मात्र प्रत्येक वेळी मिळाला. आमच्या गावात कोणाच्या अंगावर कुठल्या योजनेचा टी-शर्ट आहे यावरून त्याचं वय सांगता येतं. या वेळी ‘हस्तांतर’ नावाची संस्था आली आणि तिनं टी-शर्टऐवजी बाही दिली.

बाही म्हणजे कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत येणारा राखाडी मोजा. आत तांब्याच्या बारीक पट्ट्या. स्नायू हलतो तेव्हा त्यात किंचित वीज खेळते, ती या पट्ट्या टिपतात. परभणीच्या इस्माईल उस्तादांनी, ज्यांचा उभा जन्म केस कापण्यात गेला, आधी ही बाही घालून काम केलं. आता त्यांची तीच वीज उलटी आमच्या हातांत सोडायची. आपण काही करायचं नाही. हात आपोआप उस्तादांसारखा हलतो. त्याच क्षणी कानामागं लावलेली चिमटी एका मज्जातंतूला टिचकी मारते आणि मेंदूला सांगते की हे महत्त्वाचं आहे, ठेवून दे. हाताच्या सवयी डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत साठतात. तो मेंदू स्वभावानं संशयी असतो. हजार वेळा चुकल्याशिवाय काही ठेवून घेत नाही. चिमटी त्याचा संशय मोडते. वर्षांचं काम आठवड्यांत होतं.

पुण्यात हे कॉलेजच्या पोरांवर तपासलं होतं आणि झकास चाललं होतं, कारण त्या पोरांच्या हातांना अंगठा सोडून काही येत नव्हतं. आमच्या हातांत आधीच चाकोरी पडलेली होती. धर, काप, सोड ही नवी हालचाल आली की ती घसरून जुन्या धर, काप, फेकमध्ये जायची. गाडीवाट एकच असली की कुठल्याही गाडीचं चाक तिथंच जातं.

मॅडमनी पुण्याला बरेच फोन केले. मग आम्हाला बसवून सांगितलं, “एक मार्ग आहे. जुनी सवय पुसायची. सवय आपण वापरतो तेव्हा ती काही तास ओल्या सिमेंटसारखी मऊ असते. तेवढ्या वेळात बाहीतून उलटसुलट इशारे दिले, तर ती वेडीवाकडी होऊन वाळते. हात कोरे होतात.”

“आणि परत कधीच येत नाही?” सुशीलानं विचारलं.

“मुळं राहतात. पुन्हा रोज तोडायला लागलात तर आठवड्याभरात फुटेल.”

“म्हणजे खोडवा,” कांता म्हणाली. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा ऊस येतो, त्याला खोडवा म्हणतात.

“आधी घरी विचारा,” मॅडम म्हणाल्या. “सही आज नको.”

घरी माय उंबऱ्यात बसून कोयत्यांना धार लावत होती. दोन्ही.

“माय, मॅडम म्हणतायत हात कोरे करून मिळतील.”

“आन् मग?”

“मग केस कापता येतील. अंबाजोगाईला पार्लर आहे, तिथं माझ्यासाठी जागा ठेवलीय.”

“आन् ऊस?”

“ऊस येणार नाही.”

दगड थांबला. “म्हंजे मी अर्धी.”

“हो.”

मायनं दुसरा कोयता उचलून उन्हात धरला. “मग ह्याला धार लावू का नको?”

आणि तीच लावायला लागली. “विकायचा म्हणलं तरी धार लागतीच,” म्हणाली.

तेवढ्यात रामकिसन मुकादम आले. टोळी गोळा करणं हा त्यांचा धंदा, आणि नानांचे ते चुलतभाऊ, त्यामुळं माय त्यांची वहिनी लागते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“काका, मायला टोळीत घ्याल ना?”

“कशी घेऊ बाई? अर्धा कोयता ट्रॅक्टरमधी बसवला की बाकीचे मलाच खाली उतरवतेत. तुझं लगीन लावू का? पोरगा हाय नजरेत.”

“त्यानं तर मी पूर्ण होईन. माय अर्धीच राहील.”

“हा, ते बी हाय.” मुकादमांनी गणित पुन्हा करून बघितलं. मग एकदम म्हणाले, “का गं, तुझ्या हातातून ते जे काढणार, ते ठिवतेत कुठं?”

आम्हा दोघींनी त्यांच्याकडं बघितलं. हा प्रश्न मला पडायला हवा होता.

पुसण्याआधी सवय बाहीत नोंदवली जाते, म्हणजे पुसताना नेमकं तेच पुसता येतं. नोंद यंत्रात राहते. मुकादम दुसऱ्याच दिवशी केंद्रात गेले, चहा प्यायले आणि संस्थेच्या साहेबांना म्हणाले, “ह्या पोरी ऊस सोडायल्यात. मला माणसं कमी पडायलीत. तुमच्याकडं हात हायेत, बिनमाणसाचे.” साहेबांचे डोळे चमकले. महिन्याभरात ‘ऊसतोड तंत्रज्ञ’ नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला. पात्रता बारावी ठेवली होती, पण आले बहुतेक इंजिनिअर.

माझे हात पुसायला ऊस लागणार होता, कारण सवय मऊ करायला ती वापरावी लागते. संस्थेनं ट्रॉली भरून मुळासकट ऊस मागवला आणि सभागृहात वाळूच्या पोत्यांत उभा केला. सतरंज्या गुंडाळल्या, पंखे बंद केले. ऊसतोड सोडण्यासाठी आम्ही दिवसभर ऊस तोडला. दारात रसवाला गाडी लावून उभा होता. त्याच्या आयुष्यात कच्चा माल असा वाजतगाजत कधी आला नव्हता.

दुपारी बाहीतून उलटे इशारे सुरू झाले. हात डावीकडं न्यायचा तर तो वर जायचा. मूठ मिटायची त्या क्षणी उघडायची. दुखलं काहीच नाही. आपल्या घरातली भांडी कोणीतरी शांतपणे इकडची तिकडं लावतंय असं वाटलं. संध्याकाळी मॅडमनी हातात कोयता दिला. मी तो धरला आणि कुठल्या बाजूनं कापायचं ते बघायला पातं न्याहाळलं.

“कसं वाटतंय?” मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

“चांगलं. उधार आणल्यासारखं.”

उस्तादांची बाही काही आठवडे घालून मी पुन्हा चाचणी दिली. या वेळी पुतळ्याचे केस नीट कापले गेले, आणि प्रत्येक कापण्याआधी माझी कात्री हवेत कचकच वाजायला लागली. ती उस्तादांची लकब होती. लकब वेगळी काढता येत नाही, मॅडम म्हणाल्या, सगळं एकत्रच येतं.

अंबाजोगाईला निघायच्या दिवशी माझे जुने हात बघितले. लातूरचा सौमित्र नावाचा मेकॅनिकल इंजिनिअर सभागृहात ऊस तोडत होता. उंच, चष्मेवाला. वाकला, बुडखा छाटला, पाचट म्हणजे वाळका पाला सोलला, शेंडा उडवला आणि ऊस मागं टाकताना मनगटाला बारीक झटका दिला. माझा झटका. नानांनी मला तो मोडायला सांगितला होता, मनगट दुखेल म्हणून.

त्यानं माझ्याकडं बघितलं. “हे तुमचं आहे का?”

“होतं.”

“थँक्यू,” तो म्हणाला. मग चष्मा वर सरकवला. “मनगट दुखतं थोडं.”

“दुखणार.”

दिवाळीनंतर माय सौमित्रबरोबर सांगलीला गेली. मुकादमांनी दोघांना मिळून एक कोयता धरलं. टोळीतल्या बायकांनी विचारलं की हा कोण, तर माय म्हणायची, “पोरगीच हाय, जरा उंच झालीय.”

अंबाजोगाईत माझं बरं चाललं. पार्लरच्या भाग्यश्रीताईंना माझी कात्री आवडली. अडचण फक्त शेवटी यायची. केस झाले की उस्तादांचे हात थांबत नसत. ते गिऱ्हाइकाचं डोकं दोन्ही तळव्यांत धरायचे, कडकन मान मोडायचे आणि पाठीवर दोन थापट्या मारायचे. परभणीतल्या पुरुषांना ते चालत असणार. पहिली बाई किंचाळली. दुसरीनं मान दोन्हीकडं फिरवून बघितली आणि म्हणाली, “परत कर.” नंतर बायका मानेसाठीच यायला लागल्या. मी नोकरीत कायम झाले. आमच्या केंद्राच्या माहितीपत्रकावर माझा फोटो आला, हसताना. हसायला साहेबांनी सांगितलं होतं.

माय फोन करायची.

“पोरगं चांगलं तोडतंय. तुझ्यासारखंच.”

“जेवतंय का?”

“जेवतंय. भाकरी मोडायला येत न्हाई, चमचा मागतंय. पण ऊस मागं टाकला की मनगटाला असा झटका देतंय का, ते पाठमोरं असलं की मला वाटतंय तूच हायेस. परवा मी त्याला द्वारके म्हणून हाक मारली.”

“मग?”

“वळला की.”

मी फोन ठेवला आणि एका बाईची मान जरा जास्तच मोडली. कशाचा राग आला ते सांगता येत नव्हतं. मायचा कोयता पूर्ण होता. मी मोकळी होते. माझ्या हातांना माझ्याशिवाय काम मिळालं होतं. योजना यशस्वी झाली की असंच वाटत असावं.

मग मुकादमांचा फोन आला.

“तुझं ते इंजिनिअर गेलं.”

“कुठं? नोकरी लागली?”

“लगीन लागलं! पलीकडच्या टोळीत एक पोरगी अर्धी होती. तिच्या बापानं ह्याला तोडताना बघितलं आन् तिथंच फडात सुपारी फोडली. चार वर्षं इंजिनिअर म्हणून हिंडलं, एक स्थळ आलं न्हाई त्याला. कोयता हातात घेतला आन् जमलं. आता तो तिच्यासंगं.”

“आणि माय?”

“अर्धी. मी तिला किती दिवस ठिवू? टोळी कुरकूर करायलीय. दुसरं माणूस मिळंस्तोवर तू ये, न्हाईतर वहिनीला गावाकडं लावून देतो.”

मायनं मला यातलं काही सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशीच्या फोनवर ती इकडं थंडी आहे एवढंच म्हणाली होती. भाग्यश्रीताईंनी सुट्टी दिली, चेहरा न बघता दिली, त्यावरून सुट्टी लांबली तर जागा जाईल हे कळलं.

मी फडात पोचले तेव्हा माय एकटीच तोडत होती. तोडायची, कोयता खाली ठेवायची, मागं येऊन मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन विजेच्या ट्रॅक्टरपर्यंत जायची, परत यायची. बाकीच्यांची पात, म्हणजे प्रत्येकाला तोडायला दिलेली पट्टी, पुढं गेली होती आणि तिचा ऊस मधेच बेटासारखा उभा होता.

“कशाला आलीस?”

“अर्धी आहेस म्हणून.”

“तुला येतंय का पर?”

“नाही.”

“मग आलीस कशाला?”

मी कोयता घेतला. उसाचा शेंडा दोन बोटांत अलगद धरला, डोकं तिरकं करून त्याची उंची बघितली, कोयता हवेत दोनदा नाचवला आणि टोकाची चार पानं एका पातळीत कापली. मग मागं सरून कसं दिसतंय ते बघितलं.

मायनं तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, अशी की तिला खाली बसावं लागलं. नाना गेल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. “अगं,” ती म्हणाली, “त्येला विचार तरी, बारीक करू का मध्यम!”

पलीकडच्या बायका तोडायचं थांबवून बघायला आल्या. मुकादम आले आणि डोक्याला हात लावून उभे राहिले. मी आणखी दोन उसांचे केस कापले. मग मायनं मला मोळ्या वाहायला लावलं, कारण डोक्याला कोणी बाही घातली नव्हती. ते जुनंच होतं.

पण नुसतं वाहून पात उरकत नव्हती. माय दमली की मी कोयता घ्यायचे. रोज थोडा थोडा. आधी हात कुठंही पडायचा. मग बुडख्याच्या जवळपास पडायला लागला. मायचं हसणं थांबलं. मुकादमांची कुरकूरही थांबली. दुसरं माणूस शोधतोय म्हणायचे, पण फोन खिशातच असायचा. संध्याकाळी कोपीत, म्हणजे पाचटीच्या झोपडीत, मी मायचे केस विंचरायला घेतले तर कंगवा तिच्या मानेशी अडखळला. मला वाटलं गुंता असेल. गुंता नव्हता, हात अडखळत होता.

मग एका दुपारी मी दुसरंच काही मनात आणत होते. पार्लरच्या नळाला पाणी आलं असेल का, असं काहीतरी. आणि मागं ऊस पडल्याचा आवाज आला. नीट, बाकीच्या उसांच्या रांगेत, मुळाकडची बाजू एका रेषेत. मी बघितलंच नव्हतं. पुढचा ऊस माझ्या मुठीत होता. बुडखा, पाचट, शेंडा, आणि मनगटाला बारीक झटका.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. कचकच नाही, अलगद धरणं नाही. बऱ्याच दिवसांनी माझ्या अंगात मीच आहे असं वाटलं. मी तिसरा तोडला. चौथा तोडला.

मोळी बांधायचा आवाज थांबला होता. मी वळून बघितलं. माय हातात पाचटीचा दोर तसाच धरून उभी होती. तिनं झटका बघितला होता.

ती जवळ आली आणि तिनं माझ्या मुठीतून कोयता काढून घेतला. मूठ लगेच सुटली नाही, तिनं बोटं एकेक करून उघडली.

“ट्रॅक्टर निघायलाय कारखान्यावर,” ती म्हणाली. “त्याच्यात बस. तिथून एस.टी. हाय.”

“काय झालं?”

“बस म्हणलं ना.”

मुकादम धावत आले. “अगं वहिनी, काय करायलीस? आता तर कुठं पोरीचा हात बसायलाय!”

“म्हणून तर,” माय म्हणाली.

“तू अर्धी राहशील. उद्या गावाकडं लावून देईन मी.”

“लाव. न्हाईतर मग ही पात सरंस्तोवर बोलू नको.” ती आपल्या उसाकडं वळली, एक तोडला, मागं टाकला. मागं कोणी नव्हतं. तिनं कोयता खाली ठेवला, मागं आली, तो ऊस सरळ केला आणि परत गेली. माझ्याकडं बघितलं नाही. मुकादमांनी खाली पडलेला दोर उचलला, कोणी बघत नाही ना ते बघितलं, आणि एक मोळी बांधली. वाईट बांधली.

ट्रॅक्टरवरून मला फड बराच लांबपर्यंत दिसत होता. पुढं जाणाऱ्या सगळ्या पाती, आणि मधे ते बेट.

एस.टी.त मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. कंडक्टर आला. “हात दुखायलेत का ताई?”

“नाही. त्यांना काम लागू द्यायचं नाहीये.”

त्यानं यापेक्षा विचित्र उत्तरं ऐकली असावीत. गाडी घाटाकडं लागली. थोड्या वेळानं उजवा हात मांडीखाली आपोआप हलला. कात्रीसारखा की कोयत्यासारखा, ते मी बघितलं नाही. अंबाजोगाई येईपर्यंत त्याच्यावरून उठायचं नाही, एवढंच ठरवलं.